लिनक्सची दोन गाठोडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलावे अशीच त्यांची अपेक्षा असणार. अंबरनाथ, डोंबिवली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलो नाही. आज मात्र आम्ही एका यंत्राविषयी बोलणार आहोत, आणि तेही त्या यंत्राच्या आयुष्यातल्या पहिल्या दहा-वीस सेकंदांविषयी. विषय जाहीर होताच मागच्या रांगेतल्या काही मंडळींनी पंख्याखालच्या खुर्च्या पकडल्या, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांनी खुशाल विसावा घ्यावा. जागे राहतील त्यांच्या पदरात एखादी कामाची गोष्ट पडेल, एवढे आश्वासन आम्ही देतो.

आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे जे काही झाले ते कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात झाले. १८६४ सालापासून ही संस्था आमच्यासारख्यांना दारात अडवत नाही. तेव्हा आम्ही सांगू ते पंडिताचे बोलणे नव्हे. हात पोळलेल्या माणसाचे आहे.

हात पोळले ते असे. २०१९ च्या जुलैअखेर उल्हास नदीला पूर आला. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तो हाच पूर. त्या पावसात आमच्या संघटनेच्या तळमजल्यावरच्या कचेरीतही पाणी शिरले. टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या डब्याचा तळ बुडाला. मदरबोर्ड जळाला, हार्ड डिस्क वरच्या खणात होती, ती कोरडी राहिली. त्या डिस्कवर आमचे वीस वर्षांचे दप्तर होते. सभासदांची नोंद, वर्गणी, करारांच्या प्रती, आणि एका बंद पडलेल्या कारखान्यातल्या एकेचाळीस कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे सेवाकाळाचे तक्ते. त्या दाव्याची तारीख ठाण्याच्या कामगार न्यायालयात तीन आठवड्यांवर आली होती. आपण विचाराल, दुसरी प्रत काढून ठेवली नव्हती काय? होती; पण ती मार्चपर्यंतची. तक्ते जूनमध्ये पुरे झाले होते. कामगारांना शिस्त शिकवणाऱ्या आमची ही शिस्त!

एका सहकाऱ्याने आपला जुना संगणक आणून दिला. आमची डिस्क त्यात बसवली आणि बटण दाबले. पडद्यावर अक्षरे धावली, मग बराच वेळ काहीच झाले नाही, आणि शेवटी इंग्रजीत निरोप आला की, मूळ फाइल-व्यवस्थेच्या उपकरणाची वाट पाहणे आम्ही सोडून दिले आहे. अमुक क्रमांकाची डिस्क अस्तित्वातच नाही. त्याखाली एक कंस, त्यात 'इनिटरॅमएफएस' हा शब्द, आणि पुढे लुकलुकणारी खूण.

स्टेशनजवळच्या एका दुकानदाराकडे आम्ही तो डबा नेला. त्याने निरोप वाचला आणि म्हणाला, "साहेब, डिस्क गेली. फॉरमॅट मारतो आणि नवीन सिस्टम टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा." आम्ही जवळजवळ होकार दिला होता. त्या होकाराने एकेचाळीस माणसांचे तक्ते पुसले गेले असते.

आम्हांला अडवले ते आमच्याच एका सभासदाच्या मुलाने. तो म्हणाला, "काका, थांबा. डिस्क खरंच मेली असेल तर ती कुणालाच दिसणार नाही. आपण बघून तर घेऊ." त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यावर डेबियन लिनक्स बसवण्याची सामग्री होती. पेनड्राइव्हवरून तोच डबा सुरू केला, तर तो बिनतक्रार सुरू झाला. आणि डिस्कची यादी मागितली, तर आमची डिस्क तिच्या आकारमानासह तिथे हजर! तोच संगणक, तीच डिस्क, तेच लिनक्स. पेनड्राइव्हवरून आलेल्या लिनक्सला डिस्क दिसते, आणि डिस्कवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या लिनक्सला आपले स्वतःचे घर दिसत नाही. हा काय प्रकार आहे? आजचे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

लिनक्सविषयी दोन शब्द. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टॉरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जाहीर केले की, आपण हौस म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत आहोत. पुढे जगभरच्या लोकांनी तिला हात लावला. तिच्या परवान्यानुसार कोणीही तिची प्रत काढावी, ती उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. डेबियन हे तिचे एक वितरण १९९३ साली सुरू झाले आणि ते स्वयंसेवक चालवतात. संघटनेच्या पैशाने परवाने विकत घेणे आम्हांला परवडत नव्हते, म्हणून आम्ही इकडे वळलो; तत्त्वज्ञान नंतर आवडले. १९८० च्या दशकात बँकांतल्या संघटना संगणकाविरुद्ध लढल्या, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्यांची भीती खोटी नव्हती असे आम्ही आजही मानतो. पण यंत्र आले ते आले. आता ते आतून कसे चालते हे आपल्याला ठाऊक नसेल, तर प्रत्येक वेळी दुकानदाराचे म्हणणे ऐकावे लागेल.

आता मूळ मुद्दा. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरची एक लहानशी कायमची आज्ञावली जागी होते. ती डिस्कवरचा 'ग्रब' नावाचा द्वारपाल उचलते. ग्रब दोन वस्तू स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, आणून ठेवतो. एक कर्नल. हा पलटणीतला कर्नल नव्हे. कर्नल म्हणजे गाभा, सगळ्या यंत्राचा कारभार पाहणारा मुख्य कार्यक्रम. दुसरी वस्तू म्हणजे एक गाठोडे. इंग्रजी बोलणारे त्याला इनिटआरडी किंवा इनिटरॅमएफएस म्हणतात, आणि पुष्कळदा नुसते बूट इमेज. आम्ही गाठोडे म्हणतो ते केवळ लाडाने नव्हे. डिसेंबर २००३ मध्ये कर्नलची २.६ ही आवृत्ती आली, तेव्हापासून ही वस्तू खरोखरच अनेक फाइली एकत्र बांधून, दाबून केलेले बोचके आहे.

हे गाठोडे लागते कशाला? कर्नलला डिस्क वाचायची तर त्या डिस्कशी बोलणाऱ्या चिपची भाषा यायला हवी. ती भाषा शिकवणाऱ्या तुकड्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि हे ड्रायव्हर ठेवलेले असतात डिस्कवर. किल्ली घरात आणि घराला बाहेरून कुलूप! कोणी म्हणेल, मग ग्रबने कर्नल कुठून वाचला? तोही डिस्कवरच होता ना? हा प्रश्न आम्हीही त्या मुलाला विचारला होता. उत्तर असे की, ग्रब स्वतः डिस्कशी बोलत नाही. तो मदरबोर्डवरच्या त्या कायमच्या आज्ञावलीकडून वाचून घेतो. कर्नल एकदा खुर्चीवर बसला की डिस्कच्या कामासाठी तो त्या आज्ञावलीला विचारत नाही. पुढचे सारे तो आपल्या हाताने करतो. म्हणून ज्या डिस्कवरून तो नुकताच उचलून आणला, तीच डिस्क त्याला अनोळखी असते. मधला पूल म्हणजे हे गाठोडे. त्यात मोजके ड्रायव्हर असतात, लहानसहान हत्यारे असतात, आणि काय क्रमाने करायचे याची एक लेखी आज्ञा असते.

इथवर दोन्ही लिनक्सची वाट एकच आहे. फरक आहे तो गाठोड्यात काय बांधले आहे आणि ते कोणत्या कामावर निघाले आहे, यात.

बसलेल्या, म्हणजे डिस्कवर मुक्काम केलेल्या लिनक्सचे गाठोडे त्याच यंत्रावर बांधले जाते. त्याचे काम एकच: घरचा दरवाजा उघडून देणे. घराचा पत्ता त्याला ठरवून दिलेला असतो. डिस्कच्या त्या भागाला एक लांबलचक खूणक्रमांक असतो आणि सुरू होताना तो क्रमांक गाठोड्याला सांगितला जातो. डिस्कला सांकेतिक कुलूप असेल तर परवलीचा शब्द विचारणे, दोन-तीन डिस्का जोडून एक केली असेल तर ती जुळवणे, एवढे जास्तीचे काम. घर उघडले की गाठोड्यातला शेवटचा हुकूम गाठोडेच पुसून टाकतो, स्मृती मोकळी करतो आणि कारभार डिस्कवरच्या लिनक्सच्या हाती देतो. कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला लागणारे बँकर इंजिन आपण सर्वांनी पाहिले आहे. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. इंजिन गाडी घाटावर ढकलून देते आणि इगतपुरीला सुटते. पुढे मनमाड-भुसावळच्या वाटेवर त्याचे काय काम?

बसवणाऱ्या लिनक्सचे गाठोडे याहून अगदी निराळे. ते बांधले जाते दूर कुठे तरी, डेबियनच्या कारखान्यात म्हणा, आणि ते कोणत्या गावच्या कोणत्या डब्यात उघडले जाणार हे बांधणाऱ्याला ठाऊक नसते. कल्याणच्या यार्डात अपघाताच्या वेळी धावणारी मदतगाडी असते ना, तिच्यासारखे. क्रेन, जॅक, दिवे, औषधे, सारे बरोबर. कारण कर्जतच्या बाजूला जायचे की कसाऱ्याच्या, आणि तिथे काय पडले असेल, हे आधी ठाऊक नसते. या गाठोड्यालाही कोणताच पत्ता दिलेला नसतो. तिथे जे जे उपकरण सापडेल त्याला ते विचारते, तू कोणत्या घराण्याचे, तुझा क्रमांक काय. आणि त्याला जुळणारा ड्रायव्हर काढून देते. जवळ नसेल तर पेनड्राइव्हवरून किंवा जाळ्यावरून मागवते.

दुसरा फरक आम्हांला त्याहून मोठा वाटतो. डेबियनमध्ये बसवणारे गाठोडे कोणाच्या हाती कारभार देऊन निघून जात नाही. बसवण्याचे काम संपेपर्यंत तेच घर आणि तेच घरमालक असते. प्रश्न विचारणारा पडदा त्यातूनच उभा राहतो, डिस्कचे भाग पाडण्याची हत्यारे तेच पुरवते, आणि ज्या डिस्कवर बसवायचे ती त्याच्या अंगणात 'टार्गेट' नावाच्या कोपऱ्यात जोडलेली असते. उबुंटूसारख्या वितरणांत रचना थोडी वेगळी आहे. तिथे गाठोडे पेनड्राइव्हवर दाबून ठेवलेली एक संपूर्ण तयार व्यवस्था शोधते, ती उघडते, आणि बसवणारा कार्यक्रम तिथून चालतो. पण तिथेही शोध असतो तो पेनड्राइव्हचा. आपल्या डिस्कचा नव्हे.

म्हणजे एक गाठोडे डिस्क उघडायला निघालेले असते, आणि दुसरे निघालेले असते डिस्कवर लिहायला. आमच्या दुकानदाराला दुसरेच तेवढे ठाऊक होते.

इथे आमची एक चूकही सांगून टाकतो. पुष्कळ दिवस आमची समजूत होती की, बसवणारे गाठोडे जड आणि बसलेले हलके. त्या मुलाने दोन्हींची वजने काढून दाखवली आणि आमचा सिद्धांत कोसळला. डेबियनच्या नेहमीच्या पद्धतीने बांधलेले बसलेले गाठोडेही चांगले जाड असते. कधी कधी दुसऱ्याहून जाड. कारण सावधगिरी म्हणून तेही बहुतेक सगळ्या प्रकारच्या डिस्कांचे ड्रायव्हर जवळ ठेवते. मग आमचे का अडले?

डेबियन बसवताना तज्ज्ञांसाठीची सविस्तर पद्धत निवडली तर एक प्रश्न येतो. गाठोड्यात सर्व उपलब्ध ड्रायव्हर घ्यायचे, की फक्त या यंत्राला लागणारे? काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत लिनक्स बसवताना कोणी तरी दुसरे उत्तर दिले होते. कोणी ते आम्ही सांगत नाही. तो काटकसरी गृहस्थ या सभागृहात व्यासपीठावरच उभा आहे. त्या एका उत्तराने आमचे गाठोडे जुन्या मदरबोर्डपुरते बांधले गेले. जुन्या मदरबोर्डवर डिस्कशी बोलणारी चिप एका जातीची होती, सहकाऱ्याच्या डब्यात दुसऱ्या जातीची. गाठोड्याने नवी चिप पाहिली, तिचा क्रमांक वाचला, आणि तिचा ड्रायव्हर शोधला तर तो बांधलेलाच नव्हता. डिस्क जिवंत होती. दारावर उभा असलेला माणूस फक्त जुन्या वाड्याची वाट ओळखत होता.

उपाय त्याच पेनड्राइव्हवर होता. डेबियनच्या बसवणाऱ्या सामग्रीत पहिल्या यादीतच, जरा आत शिरल्यावर, 'रेस्क्यू' म्हणजे सुटकेची एक वाट असते. सुरुवातीचे प्रश्न तेच, भाषा कोणती, कळफलक कोणता. पण पुढे डिस्क पुसण्याऐवजी ती विचारते, तुमचे जुने घर कोणत्या भागात आहे? तो भाग दाखवला की ती आपल्याला त्या घरात नेऊन उभे करते. मुलाने तिथल्या एका फाइलीत 'डेप' असा शब्द होता तो खोडून 'मोस्ट' लिहिला, म्हणजे मोजके नको, बहुतेक सगळे घे. आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ही आज्ञा दिली. गाठोडे नव्याने बांधले गेले. पेनड्राइव्ह काढला, डबा पुन्हा सुरू केला. आमचे जुने दप्तर, सभासदांच्या यादीपासून त्या एकेचाळीस तक्त्यांपर्यंत, पडद्यावर आले. एकूण वेळ पाऊण तास. त्यातला अर्धा तास चहात गेला.

याच प्रश्नाला दुसऱ्या घराण्याने कसे तोंड दिले तेही ऐका. फेडोरा आणि रेड हॅट यांच्याकडे गाठोडे बांधणाऱ्या कार्यक्रमाचे नाव ड्रॅकट. तिथे नेहमीचे गाठोडे याच यंत्रापुरते बांधण्याचा रिवाज आहे, आमच्या काटकसरीसारखाच. पण त्याच्या शेजारी ते एक सर्वसाधारण, कुठेही चालेल असे सुटकेचे गाठोडेही ठेवतात. सुरुवातीच्या यादीत ते शेवटी दिसते. आम्हांला ही व्यवस्था डेबियनपेक्षा शहाणपणाची वाटते, आणि आमच्या मुलाला वाटत नाही. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.

आणखी एक खोच आहे. गाठोड्यातले ड्रायव्हर आणि कर्नल यांची आवृत्ती तंतोतंत एक असावी लागते. बसलेल्या लिनक्समध्ये याची चिंता यंत्रच वाहते. नवा कर्नल आला की त्याच्या नावाचे नवे गाठोडे बांधले जाते, आणि जुनी जोडी अडीअडचणीला ठेवली जाते. बसवणाऱ्या गाठोड्याचे तसे नाही. ते बांधले त्या दिवशीच गोठलेले असते. उरलेले सामान जाळ्यावरून मागवणारे एक छोटे गाठोडे आम्ही वर्षभर कपाटात ठेवले होते. वर्षाने ते वापरू गेलो तर मधल्या काळात कोठारातला कर्नल बदललेला. गाठोडे म्हणाले, माझ्या कर्नलला जुळणारे मॉड्यूल मिळत नाहीत. यंत्रात दोष नव्हता. शिळ्या पासावर नव्या गाडीत बसू पाहणाऱ्या उतारूची ती गत होती.

आता भाषेची गोष्ट, जी आमच्या दृष्टीने चळवळीचीच गोष्ट आहे. डेबियनचे बसवणारे गाठोडे मराठी बोलते. १४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियनची 'लेनी' नावाची आवृत्ती निघाली, तिच्यापासून ते प्रश्न मराठीत विचारू लागले. कोणा सरकारी खात्याच्या हुकमाने हे घडले नाही. स्वयंसेवकांनी एकेक वाक्य बसून उतरवले. मात्र मराठी निवडायची तर चित्रमय पडदा असलेले गाठोडे घ्यावे लागते. साधा अक्षरी पडदा आपली जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट मांडू शकत नाही. म्हणून त्या चित्रमय गाठोड्यात देवनागरीचे टंक आणि अक्षरे जुळवणारी सामग्री जास्तीची बांधलेली असते. बसलेल्या गाठोड्याला यातले काही लागत नाही. ते कोणाशी बोलतच नाही. दार उघडते आणि जाते. अडले की मग बोलते, आणि तेव्हा इंग्रजीत बोलते. आमच्या बाबतीत नेमके तेच झाले. डिस्क पुसण्याआधीचा इशारा आपल्या बायाबापड्यांना मराठीत वाचता येतो, पण 'तुमची डिस्क सापडत नाही, मात्र ती मेलेली असेलच असे नाही' हे सांगायला तिथे मराठी नाही. वाक्य साधे आहे. ते कोणी तरी लिहायला हवे, आणि ते नेण्यासाठी गाठोड्यात जागा करायला हवी. आमच्यापेक्षा शिकलेली पुष्कळ तरुण मंडळी समोर बसली आहेत.

ठाण्याच्या तारखेला तक्ते सादर झाले. दाव्याचे काय झाले हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो एवढ्या थोड्या वेळात संपणारा नाही.

आमचा तो सहकाऱ्याचा डबा, जळालेला मदरबोर्ड आणि पेनड्राइव्ह बाहेरच्या टेबलावर मांडून ठेवले आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य पाहावे, सुटकेची वाट उघडून पाहावी, मराठी पडदाही लावून पाहावा. डब्यात तीच डिस्क आहे. 'इन्स्टॉल' असे लिहिले आहे त्यावर मात्र कृपा करून कोणी बोट ठेवू नये.